कूलंटची गळती व सेन्सरचा दोष

गाडीच्या कूलंटची गळती काढून आणली, कीं कित्येकदां दोन दिवसांत इंजिनाचा दिवा लागतो, आणि कारागीर लागलाच तापमानाचा सेन्सर बदलावयास सांगतो. ही घाई आम्हांस पसंत नाहीं.

तपासणीच्या यंत्रावर उमटणारा संकेतांक हा तक्रारअर्ज आहे, निकाल नव्हे. ‘पी ०११८’ याचा अर्थ सेन्सरच्या मंडलांत विद्युद्दाब जास्त आहे, एवढाच. दुरुस्तींत सुटलेला कनेक्टर किंवा तुटलेली तार यांनींही तो उमटतो. शिवाय कूलंट भरतांना आंत हवा कोंडली, तर सेन्सरचें टोंक कोरडें राहून काटा खालीं दिसूं शकतो, व इकडे इंजिन तापून त्याचें हेड वांकडें होण्याची भीति असते. तो तोटा सेन्सरच्या किंमतीहून कितीतरी मोठा.

सबब शेतकरी बंधूंनीं पुढील क्रम सोडूं नये. इंजिन पुरतें थंड झाल्यावरच झांकण उघडावें. कूलंट भरून, माहितीपुस्तकांतील रीतीनें हवा काढावी. कनेक्टर पुसून घट्ट बसवावा. शेवटीं सेन्सरचा विद्युद्रोध मापावा. उष्णता वाढेल तसा तो उतरला पाहिजे. तसें न घडल्यासच नवा सेन्सर घ्यावा. चौकशीवांचून केलेला खर्च हा आपणच आपणांस केलेला दंड होय.