अर्धा निकाल मान्य, अर्धा अमान्य

दिवाणी दाव्याचा निकाल पुष्कळदा पूर्णतः एका बाजूने लागत नाही. समजा, एका घाऊक व्यापाऱ्याने उधारीच्या मालापोटी २,८०,००० रुपयांचा दावा लावला. न्यायालयाने २,००,००० रुपये मंजूर केले आणि परत केलेल्या मालाविषयी वाद असलेले ८०,००० रुपये नाकारले. अशा वेळी पदरात पडलेले राखून नाकारलेल्या भागापुरतेच अपील करता येते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ९६ हा त्याचा आधार होय. उभय पक्षांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर मात्र या कलमाखाली अपील चालत नाही.

पहिले काम नकलेचे. निकाल लागताच न्यायनिर्णय व हुकूमनामा यांच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करावा. अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयात ३० दिवस व उच्च न्यायालयात ९० दिवस असते; नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो. तीन लाख वा अधिक रकमेचा दावा व्यापारी न्यायालयांच्या २०१५ च्या कायद्याखाली चालला असल्यास मुदत ६० दिवसांची आहे.

अपिलाच्या अर्जात निकालाचा कोणता भाग अमान्य आहे व कोणत्या कारणांनी, हे क्रमवार मांडावे लागते. कोर्ट फी त्याच भागाच्या मूल्यावर, म्हणजे येथे ८०,००० रुपयांवर, द्यावी लागते.

अपील दाखल झाल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. त्यामुळे मंजूर दोन लाखांची वसुली व्यापाऱ्यास चालू ठेवता येते. प्रतिवादीस ती थांबवायची असल्यास स्थगिती मागावी लागते आणि बहुधा रक्कम भरावी वा तारण द्यावे लागते.

खरा धोका पुढेच आहे. अपिलाच्या सुनावणीची नोटीस मिळाल्यापासून एक महिन्यात प्रतिवादी मंजूर दोन लाखांविरुद्ध उलट हरकत नोंदवू शकतो. नंतर व्यापाऱ्याने अपील मागे घेतले, तरी ती हरकत चालूच राहते. शिवाय अपिलात नवा पुरावा अपवादानेच स्वीकारला जातो. म्हणून वकिलपत्रावर सही करण्यापूर्वी खातेउतारा व माल-परतीच्या चिठ्ठ्या मूळ दाव्यात दाखल झाल्या होत्या काय, हे पाहावे. त्या तेथे नसतील, तर ऐंशी हजारांच्या आशेपायी दोन लाखांचा वाद पुन्हा उघडणे हा व्यवहार तोट्याचाच ठरण्याचा संभव अधिक.