खोल्या मोजल्या, माणसे राहून गेली

मुंबईस पोटापाण्यासाठी गेलेला एकही आप्त नाही, असे मराठी घर आमच्या सीमाभागात विरळाच. तेथून सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडी 'बीडीडी चाळ' हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. वरळी, नायगाव, शिवडी व ना. म. जोशी मार्ग अशा चार ठिकाणी मिळून या चाळींच्या २०७ इमारती उभ्या राहिल्या. त्यांपैकी पहिल्या दोन व शेवटच्या ठिकाणच्या चाळी आता टप्प्याटप्प्याने पाडल्या जात असून त्यांच्या जागी उंच इमारती बांधल्या जात आहेत. शंभर वर्षांचा एक अध्याय असा संपत असताना त्यापासून काय बोध घ्यावा, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८९६ साली मुंबईत प्लेगने हाहाकार उडविला, तेव्हा गिरणगावातील कोंदट वस्त्यांकडे सरकारचे प्रथम लक्ष वेधले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. तथापि पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई इतकी वाढली की काहीतरी मोठे करणे सरकारला भाग पडले. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निघाले. त्याच्याच आद्याक्षरांवरून चाळींस 'बीडीडी' हे नाव पडले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प जाहीर झाला आणि खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसविण्यात आला. प्रत्यक्षात सोळा हजारांहून थोड्या अधिक खोल्या बांधून काम थांबले.

या चाळींची रचना अगदी साधी. इमारत सिमेंट काँक्रीटची, तळमजला व त्यावर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर मधोमध एक लांब बोळ, त्याच्या दोन्ही अंगांस दहा दहा खोल्या, आणि शौचकूप मजल्यावरील सर्वांस सामाईक. म्हणजे एका इमारतीत ८० खोल्या. एका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट. आमच्या विद्यार्थिमित्रांनी शाळेच्या पटांगणावर सोळा फूट लांब व दहा फूट रुंद असा चौकोन खडूने आखून पाहावा. त्या चौकोनात स्वयंपाक, अभ्यास, आजारपण, बाळंतपण आणि आठ-दहा माणसांची निद्रा बसवून पाहावी. या वास्तुशास्त्राचा अर्थ सांगण्यास मग दुसऱ्या गुरूची गरज पडणार नाही.

न्यायबुद्धीने सांगायचे तर हे बांधकाम पक्के होते. गळक्या झोपडीपेक्षा ही खोली निश्चित बरी होती. परंतु ज्यांच्यासाठी ती बांधली, त्यांस कोणी काही विचारले नाही. परिणाम असा झाला की आरंभीची कित्येक वर्षे यांतील बऱ्याचशा खोल्या रिकाम्याच राहिल्या. भाडे परवडेना, गिरणी दूर पडे आणि उजेड-वारा पुरेसा मिळत नसे. पुढे १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींत सत्याग्रह्यांसाठी तात्पुरता तुरुंग उघडण्यात आला. कामगारांच्या घरांचा तुरुंग इतक्या सहजपणे करता यावा, याहून त्या रचनेवर कठोर टीका आम्ही ती काय करावी?

'त्या काळी याहून निराळे कोणास सुचले असते?' असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर म्हणून युरोपातील एक उदाहरण देतो. त्याच दशकात ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराच्या नगरपालिकेनेही कामगारांसाठी घरे बांधली. कार्ल एन या वास्तुशिल्पज्ञाने आखलेली 'कार्ल मार्क्स होफ' ही वसाहत १९२७ ते १९३० या काळात उभी राहिली. तिच्यात १,३८२ घरे होती. परंतु बहुतेक जमीन बागा व अंगणे यांसाठी मोकळी सोडली होती, आणि धुलाईघरे, बालकमंदिरे व वाचनालय यांचा समावेश मूळ आराखड्यातच होता. माणूस खोलीत निजतो, पण जगतो खोलीबाहेरही, हे तेथे ओळखले गेले होते.

मुंबईत हे ओळखले ते चाळकऱ्यांनी. येण्याजाण्यापुरता ठेवलेला बोळ त्यांनी आपले अंगण केला. तेथे मुलांनी अभ्यास केला, तेथेच धान्य निवडले गेले. चाळीच्या आवारात गणेशोत्सव व आंबेडकर जयंती साजरी झाली, भजनी मंडळे व व्यायामशाळा चालल्या. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा दीर्घ संप सुरू झाला आणि अनेक चुली थंडावल्या, तेव्हा शेजारधर्माची किंमत कळली. सरकारने खोल्या बांधल्या. वस्ती कामगारांनी घडविली.

म्हणून कोणी चाळीच्या गोडव्यांत रमून ती तशीच राहावी असे म्हणेल, तर आम्ही त्याच्याशी सहमत होणार नाही. प्रशस्त घरात बसून दुसऱ्याच्या अडचणीचे कौतुक करणे शोभत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. प्रत्येक घर ५०० चौरस फुटांचे, स्वतंत्र शौचालयाचे आणि मालकीचे. तीन-तीन पिढ्यांनी ज्याची वाट पाहिली, ते हे न्याय्य देणे होय. त्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

आमचे म्हणणे इतकेच की १९२० सालची चूक नव्या रूपात पुन्हा होऊ नये. त्या वेळी खोल्या मोजल्या गेल्या. आता चौरस फूट मोजून समाधान मानले जाण्याचा संभव आहे. चाळिसाव्या मजल्यावरील आजीबाईंस दुपारी दोन शब्द बोलण्यास शेजारीण कोठे भेटेल, मुलांनी खेळावे कोठे, मयत झाली तर माणसांनी जमावे कोठे, हे प्रश्न आराखडा काढतानाच विचारले पाहिजेत, आणि ते राहणाऱ्यांनाच विचारले पाहिजेत.

आमच्या शाळेतील काही मुले उद्या स्थापत्यविशारद होतील, काही अधिकारी होतील. कामगारांच्या घरांचा आराखडा त्यांच्या मेजावर येईल, तेव्हा त्यांनी भिंतींच्या आतले माप तर घ्यावेच, परंतु दोन दारांमधल्या जागेचेही घ्यावे. ती जागा हिशेबात धरली, तरच बांधलेल्या घरांची वस्ती होईल.