घरचा हौद





२१ फेब्रुवारी २०२५ रोजी ॲपलने ब्रिटनमधल्या ग्राहकांना आपली एक सोय देणे थांबवले. आयक्लाउडवर ठेवलेले फोटो, टिपणे, बॅकअप यांची किल्ली फक्त ग्राहकाकडे राहील, खुद्द ॲपललाही ते उघडता येणार नाहीत, अशी ती सोय होती. २०१६ च्या 'इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स ॲक्ट'खाली गृहखात्याने कंपनीकडे गुप्तपणे चोरदरवाजा मागितल्याच्या बातम्या त्याआधी दोन आठवडे येत होत्या. गृहखाते त्यावर 'हो'ही म्हणाले नाही आणि 'नाही'ही. (असा आदेश आला आहे हे सांगायलाच कंपनीला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तिच्याकडूनही काही कळायचा मार्ग नव्हता.)

त्या सोयीचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पण त्यानंतरच्या काही महिन्यांत मला ओळखीच्या तीन-चार घरांतून एकच प्रश्न आला: "तुझ्या त्या जिन्याखालच्या डब्यात आमचेही फोटो मावतील का?"

जिन्याखालचा डबा म्हणजे होम सर्व्हर, आणि तो म्हणजे एक जुना लॅपटॉप. त्यावर लिनक्स आहे, शेजारी दोन डिस्क आहेत आणि एक तार राउटरला गेली आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढची आवृत्ती ज्यांवर चढत नाही असे धडधाकट लॅपटॉप त्यानंतर लोक अडगळीत टाकू लागले, तेव्हा यंत्राचा तुटवडा नाही. असे यंत्र निवांत असताना साधारण दहा वॅट खाते. वर्षभर अखंड चालले तर ८८ युनिट. युनिटला २५ पेन्स धरले तर २२ पौंड. आपण क्लाउडवरच्या जागेसाठी दरमहा जे भरतो त्याची बेरीज ज्याची त्याने करून पाहावी.

मी व्यवसायाने संशोधक आहे, संगणक अभियंता नव्हे. पण प्रयोगशाळेतली विदा हाताळायला प्रोग्रॅमिंग रोजच करावे लागते आणि घरी ते हौसेने होते. या डब्यावर फोटोंसाठी 'इमिच' आहे, फायली आणि कॅलेंडरसाठी 'नेक्स्टक्लाउड' आहे आणि मी लिहिलेली दोन-तीन छोटी ॲप्स आहेत. इमिचची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ॲलेक्स ट्रॅन नावाच्या प्रोग्रॅमरने २०२२ साली ते लिहायला घेतले ते घरात नुकत्याच आलेल्या बाळाचे फोटो ठेवायला. त्याने ते खुले ठेवले, लोक येऊन मिळाले आणि आज असंख्य घरांत ते चालते. घरच्या गरजेपोटी लिहिलेले पाच-पन्नास ओळींचे काम दुसऱ्याच्या घरी जाऊन मोठे होते, ही या क्षेत्रातली जुनी रीत आहे.

आणि त्या रीतीचे एक माहेर तर आपण राहतो तो हाच देश! १९८१ साली बीबीसीने सामान्य माणसाला संगणक शिकवायचा घाट घातला आणि केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून 'बीबीसी मायक्रो' बनवून घेतला. चालू केला की समोर बेसिकची आज्ञा लिहायची जागा. दुसरे काही नाही. भारत सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प काढला तो याच यंत्रावर. आपल्यातल्या काही ज्येष्ठ वाचकांनी शाळेच्या कुलूपबंद, चपला बाहेर काढून जायच्या खोलीत तो पाहिलाही असेल. त्याच एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८५ मध्ये जी चिप चालवून दाखवली, तिचे वंशज आज आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. पुढे केंब्रिजमध्येच एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांची संख्या आणि तयारी दोन्ही घसरत आहेत, कारण मुलांच्या हाती पडणारी यंत्रे आता उघडून पाहता येत नाहीत. त्यातून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरचा 'रास्पबेरी पाय' आला. होम सर्व्हरची हौस ज्यांना लागली त्यांतल्या निम्म्यांचा श्रीगणेशा त्या पत्त्याच्या आकाराच्या पाटीवर झाला असावा.

'पण हे सगळे करायचे कशाला? मोठ्या कंपन्या हे आपल्यापेक्षा चांगले करतातच की,' हा प्रश्न रास्त आहे. त्याचे माझे उत्तर एका अक्षरात आहे. 'वाऱ्यावर' या शब्दातला आडवा र घ्या. तो संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात नुक्ता असलेला र आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही बहुधा अगदी सारखे दिसतात. पण एका तऱ्हेने लिहिलेले दुसऱ्या तऱ्हेने शोधले तर कित्येक ठिकाणी सापडत नाही. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'कैऱ्या', 'शेतकऱ्यांचे' अशा किती शब्दांचे यात नुकसान होते ते मराठी माणसालाच कळावे. हिंदीत हा आडवा र येतच नाही, त्यामुळे ज्यांना 'भारतीय भाषा' म्हणजे हिंदी एवढेच दिसते त्यांना ही अडचण जाणवतही नाही. आईने वहीतून उतरवून पाठवलेल्या पाककृती आणि जुन्या अंकांची स्कॅन केलेली पाने शोधायला मी जे ॲप लिहिले, त्यात हे दोन र एक मानायला फार तर दहा ओळी लागल्या. कॅलिफोर्नियातल्या कुणाच्या कामांच्या यादीत या दहा ओळींचा क्रमांक कधी लागणार?

मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने 'स्वरचक्र' हा मराठीसाठीही चालणारा कळफलक केला, तो अशाच जागी उभे राहून: ज्याला गरज कळते त्यानेच ती भागवायची. पण प्रत्येक गरजेमागे आयआयटी उभी राहणार नाही. उरलेले काम सुट्या माणसांचे आहे.

ॲप लिहिणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. देणे अवघड झाले आहे. आयफोनवर आपले ॲप चार नातेवाइकांना रीतसर द्यायचे तरी वर्षाला ९९ डॉलर भरून ॲपलच्या नोंदवहीत नाव घालावे लागते. गूगलच्या दुकानात एकदाच २५ डॉलर भरून भागते. पण नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आधी काही परीक्षक गोळा करून त्यांच्याकडून सलग चौदा दिवस चाचणी घ्यावी लागते. (सुरुवातीला वीस माणसे हवी होती, पुढे बारा केली. बारा मराठी माणसे चौदा दिवस एका गोष्टीवर टिकवून धरणे म्हणजे काय, हे मंडळाच्या कोणत्याही सचिवाला विचारा.)

अँड्रॉइडवर दुकानाबाहेरून ॲप देण्याची वाट तरी खुली होती. इंग्लंडमध्ये कियारन गल्टनिक्स यांनी २०१० साली सुरू केलेले 'एफ-ड्रॉइड' हे त्या वाटेवरचे आपल्यासारख्यांचे ठिकाण. तिथे फक्त खुली ॲप्स मिळतात आणि त्यासाठी खाते काढावे लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले, की यापुढे ॲप कुठूनही आलेले असो, लिहिणाऱ्याने गूगलकडे ओळख पटवून नोंदणी केलेली असली पाहिजे. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून, मग इतरत्र. कारण दिले फसवणुकीचे, आणि फसवणूक खोटी नाही. भारतात वृद्ध आई-वडिलांना फोनवरून कसे लुबाडले जाते ते आपल्यापैकी अनेकांना घरातूनच माहीत आहे. एफ-ड्रॉइडने त्याच सप्टेंबरात स्पष्ट विरोध नोंदवला, ओरड वाढली आणि नोव्हेंबरात गूगलने हौशी लोकांसाठी व जाणकारांसाठी थोड्या सवलतींची भाषा सुरू केली. पण सवलत देणाराच ती काढूनही घेऊ शकतो. माझ्या आईच्या फोनवर मी लिहिलेले, औषधाची वेळ मराठीत सांगणारे ॲप चालावे की नाही हे तिसऱ्याच्या परवानगीवर का असावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

दुसरी परवानगी नोकरीची. १९८८ च्या इथल्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेली आज्ञावली मालकाची असते, हे ठीकच. पण पुष्कळ करारपत्रांत शब्द याहून सैल असतात, आणि आपण ती सही करताना डोळे व्हिसावर ठेवून करतो. रात्री घरच्या यंत्रावर काही लिहिणाऱ्याने ते कलम एकदा शांतपणे वाचावे आणि शंका असेल तर लेखी विचारून घ्यावे. मोबाइलच्या बाबतीत ॲपल व गूगल यांचे स्थान विशेष प्रबळ असल्याचे इथल्या स्पर्धा-नियामकाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरवले. त्यातून काही निघेल तेव्हा निघेल.

आता दुसरी बाजू, कारण घरच्या सर्व्हरचे भाट मला पटत नाहीत. २०२२ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एका बापाची हकीकत छापली होती. आजारी मुलाचा फोटो त्याने डॉक्टरसाठी काढला, यंत्राने त्यावर संशय घेतला आणि त्याचे गूगल खाते कायमचे गेले. पोलिसांनी निर्दोष ठरवूनही परत मिळाले नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले तेव्हा कित्येकांच्या तारुण्याचा अल्बम गेला. हे खरे आहे. पण घरी चोरी होते, पाण्याची पाइप फुटते, डिस्क मरते हेही खरे आहे. महाजालाला दार उघडले की काही मिनिटांत अनोळखी यंत्रे कडी वाजवू लागतात. अनेक नव्या फायबर कंपन्या कित्येक घरांना मिळून एकच पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून आपल्या घरी पोचायला 'वायरगार्ड'सारखा बोगदा लागतो. सगळे अद्ययावत ठेवायला महिन्यातली एखादी शनिवार सकाळ जाते. ज्याच्याकडे ती सकाळ आहे, जादा खोली आहे आणि हे वाचायची भाषा आहे, त्याचीच ही चैन.

आणखी एक गोष्ट आपल्या व्यासपीठावर बोललीच पाहिजे. माझ्या पाहण्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरी सर्व्हरची किल्ली एका पुरुषाच्या डोक्यात असते. बायको आणि मुले वापरकर्ते, तो 'ॲडमिन'. उद्या तो बसखाली आला तर वीस वर्षांचे फोटो त्याच्याबरोबर जातात. मोठ्या कंपनीच्या मक्तेदारीतून सुटून घरात तिचीच छोटी प्रत उभी करायची असेल तर एवढा खटाटोप कशाला!

पुण्यामुंबईच्या सोसायट्यांत नळाला पाणी येईनासे झाले की काय होते ते आपण पाहिले आहे. ज्यांना परवडते ते बोअर खणतात आणि मग नगरपालिकेच्या नळाबद्दल बोलायचे सोडून देतात. घरचा सर्व्हर असा बोअर होऊ शकतो. याउलट जोतीराव फुल्यांनी १८६८ साली गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ही तुलना ताणू नये. आपल्या फोटोंच्या अडचणीशी त्या तहानेचे काही नाते नाही आणि जोतीरावांनी जे पत्करले त्याचा सहस्रांशही आपल्याला पत्करायचा नाही. पण हौद घरचा असला म्हणजे तो घरापुरताच असला पाहिजे असे नाही, हे तिथून शिकता येते. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ ची आणि डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे. असे छप्पर उभे करायला लोकांनी कष्ट घेतलेले असतात. मग आपल्या मंडळांचे नाटकांचे चित्रण, गणेशोत्सवाचे फोटो, सभासदांच्या याद्या कुणा एका माजी सचिवाच्या वैयक्तिक खात्यात का पडून असतात?

कायद्याकडे मात्र बघावे लागते. निव्वळ घरगुती वापराला इथल्या विदा-संरक्षण कायद्यात सूट आहे. मंडळाची यादी ठेवली की त्या सुटीवर विसंबता येत नाही. २०२३ चा 'ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट' राक्षसांना वेसण घालायला केला, पण लोक एकमेकांचे साहित्य पाहू शकतात अशा सेवेला तो आकार न बघता लागू होतो. १७ मार्च २०२५ पासून त्यातली बेकायदा मजकुराविषयीची कर्तव्ये अमलात आली. तीन कुटुंबांच्या वाढदिवसांवर ऑफकॉम धाड घालणार नाही हे उघड आहे. पण पन्नास कुटुंबांची सोय करू पाहणाऱ्या स्वयंसेवकाला जोखमीचे लेखी मूल्यमापन करून ठेवावे लागेल. ते एकट्याने करण्याचे काम नाही.

आमच्याकडे सध्या तीन घरे आहेत. प्रत्येकाच्या फोटोंची कुलूपबंद प्रत उरलेल्या दोन घरी असते, शेजारणीकडे विरजण ठेवावे तशी. खर्चाचे तीन भाग होतात. पासवर्ड आणि परत उभारणीची कृती मराठीत लिहून बंद लिफाफ्यात प्रत्येक घरी ठेवली आहे. मागच्या सुट्टीत मी मुद्दाम काही हात न लावता तीनही घरांतल्या बायकांनी तो लिफाफा उघडून कोऱ्या लॅपटॉपवर सगळे परत उभे केले. साडेचार तास लागले. लिफाफ्यातल्या दोन पायऱ्या कुणालाच कळल्या नाहीत, त्या त्यांनीच पुन्हा लिहिल्या. चौथे घर यायचे म्हणते आहे. त्यांना अट एवढीच घातली आहे, की आधी एक शनिवार मोडून नवा लिफाफा वाचून दाखवावा.