बोक्याचे इन्सुलिन आणि औषधाची मालकी

मांजराला मधुमेह होतो आणि माणसाप्रमाणेच त्यालाही दिवसातून दोन वेळा इन्सुलिन टोचावे लागते, असे सांगितले की सामाजिक कार्यात मुरलेल्या माणसाच्याही ओठांवर हसू उमटते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार या देशात १० कोटींहून अधिक माणसे मधुमेही आहेत. त्यांतील कितीतरी जणांना नियमित औषध मिळत नाही. मग मांजराच्या साखरेची उठाठेव हा श्रीमंतांचा चोचला नव्हे काय, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे शोधले पाहिजे. परंतु ते शोधण्यासाठी मुंबई-पुण्याच्या सदनिकांत न जाता उमरेडसारख्या तालुक्याच्या गावी जावे लागेल.

नागपूरच्या आग्नेयेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर वसलेले उमरेड हे विणकरांचे आणि कोळसा खाणींचे गाव. येथे मांजर पाळणे ही हौस नाही. धान्याच्या कोठीत उंदीर नकोत म्हणून ते घरात येते आणि मग घरचेच होते. समजा, खाणीतून निवृत्त झालेल्या कामगाराच्या घरचा दहा वर्षांचा लठ्ठ बोका एकाएकी अधाशासारखे पाणी पिऊ लागला, वारंवार मुतू लागला, भरपूर खाऊनही वाळू लागला आणि मागचे पाय घोट्यापर्यंत टेकवून चालू लागला. जाणत्या पशुवैद्याला ही लक्षणे पाहताच मधुमेहाचा संशय येतो. ब्रिटनमध्ये विमा उतरवलेल्या मांजरांची जी पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात दर २३० मांजरांमागे एक मधुमेही आढळले होते. वयस्क, लठ्ठ आणि खच्ची केलेल्या बोक्यांत हे प्रमाण अधिक असते. खाज थांबावी म्हणून दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडची सुई वारंवार टोचून घेतल्यानेही हा रोग उद्भवतो. स्वस्तात पडलेली अशी सुई पुढे किती महाग ठरते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

निदान झाल्यावर घरापुढे तीन वाटा उरतात. काहीही न करणे ही पहिली. तिचा शेवट ठरलेला असतो: बोका खाणे सोडतो, ओकतो, रक्तातील आम्ल वाढते आणि तो यातना भोगून मरतो. त्याला वेदनारहित मृत्यू देणे ही दुसरी वाट. ज्याला खरोखरच उपचार परवडत नाहीत त्याने ती पत्करली, तर त्याला निर्दय म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. घरच्या घरी, बेताच्या पैशांत उपचार करणे ही तिसरी वाट. ती आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते. म्हणून तिचा जमाखर्च तपशिलाने मांडणे आवश्यक आहे.

बोक्याला सामान्यतः बारा-बारा तासांच्या अंतराने, आरंभी साधारण एकेक युनिट इतके अल्प इन्सुलिन लागते. नेमकी मात्रा पशुवैद्यानेच ठरवावयाची असते. महिन्याला हे ६० युनिट झाले. माणसांसाठीच्या १० मिलीच्या साध्या बाटलीत ४०० युनिट असतात आणि नियंत्रित किंमतीमुळे ती शे-दोनशे रुपयांच्या घरात मिळते. म्हणजे औषधाचा सहावा हिस्साही वापरला जात नाही. उरलेले मुदत संपली म्हणून टाकावे लागते. याउलट महिन्याला साठ सिरिंज लागतात आणि त्यांचा खर्च बाटलीच्या किंमतीहून अधिक भरतो. रक्त तपासण्याच्या पट्ट्यांचा खर्च याहून वेगळा. सारांश, ज्याला सारे भितात ते औषध या हिशेबात सर्वांत महाग नाही. महाग पडतात ती त्याच्या भोवतालची साधने.

येथे आणखी एक पेच आहे. स्वस्त बाटलीतील एनपीएच जातीचे इन्सुलिन मांजराच्या शरीरात लवकर ओसरते, पुष्कळदा बारा तासही पुरत नाही. ग्लार्जिन हे दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन त्याला अधिक मानवते, मात्र त्याची किंमत कितीतरी पट आहे. तथापि मांजराचा मधुमेह बहुधा माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. आरंभीच चांगले इन्सुलिन आणि कमी पिष्टाचा आहार दिला, तर काही मांजरांची साखर इन्सुलिनविना ताब्यात राहू लागते. तेव्हा चार महिने महाग औषध घेऊन सुटणे आणि चार वर्षे स्वस्त औषध देत राहणे, यांत काटकसर कशात आहे हे पहिल्या महिन्याच्या बिलावरून ठरवता येत नाही. ग्लार्जिन घ्यायचेच झाल्यास दहा मिलीच्या बाटलीऐवजी तीन मिलीची कुपी घेतल्याने बरीच नासाडी टळते.

पैसा वाचवताना जीव जाणार नाही, याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. आपल्याकडील साधी बाटली मिलीमागे ४० युनिटांची आणि ग्लार्जिन १०० युनिटांचे असते. पहिल्यासाठी लाल टोपणाची सिरिंज, दुसऱ्यासाठी नारिंगी टोपणाची. १०० युनिटांचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका खुणेपर्यंत भरले, तर एक नव्हे, अडीच युनिट जातात. चार किलोच्या जीवाला ही चूक प्राणघातक ठरू शकते. बोक्याने खाल्ले नसेल किंवा तो ओकला असेल, तर नेहमीची मात्रा न देता आधी पशुवैद्याला विचारावे. सुई नीट लागली की नाही अशी शंका आली, तरी पुन्हा टोचू नये. एका वेळची मात्रा चुकल्याने सहसा काही बिघडत नाही, दुप्पट मात्रेने बिघडते. बोका थरथरू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर साखर उतरली असे समजून त्याला ताबडतोब खाऊ घालावे. खाण्याच्या स्थितीत नसेल तर मध किंवा साखरेचे दाट पाणी हिरड्यांना चोळावे, पण बेशुद्ध जीवाच्या घशात काही ओतू नये, आणि लगेच दवाखाना गाठावा.

तपासणीच्या पट्ट्या रोज वापरणे परवडत नसेल, तर तराजू आणि मापाचे भांडे यांचा उपयोग करावा. आठवड्याला वजन करावे आणि प्यायलेले पाणी मोजावे. चार किलोच्या मांजराने दिवसाला ४०० मिलीहून अधिक पाणी पिणे हे प्रमाणाबाहेर आहे. वही घालून भूक, पाणी, वजन आणि टोचण्याची वेळ यांची नोंद ठेवली, तर पशुवैद्याला तिचा मोठा उपयोग होतो. पट्ट्या राखून ठेवाव्यात त्या मात्रा बदलताना आणि बोका आजारी दिसल्यास. कानाच्या कडेच्या शिरेतून थेंबभर रक्त घरीच काढता येते. दवाखान्यात धास्तावलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने चढते, म्हणून घरची नोंद अधिक विश्वासार्ह ठरते. माणसांचे यंत्र मांजराची साखर खऱ्याहून काहीशी कमी दाखवते, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

आहाराबाबत गैरसमज फार. दूध-पोळी आणि दूध-भात हे आपल्या मांजराचे परंपरागत अन्न असले, तरी मांजर हा अस्सल मांसाहारी प्राणी आहे. उकडलेली अंडी, कोंबडीचे मांस व काळीज, शिजवलेली मासळी यांनी पिष्ट कमी होते. अर्थात केवळ मांस हा पूर्ण आहार नव्हे. त्यात चुन्याचा अंश अपुरा पडतो, म्हणून प्रमाण विचारून घ्यावे. कांदा-लसूण घातलेला रस्सा मांजराला विषासमान आहे. इन्सुलिन चालू असताना एकाएकी पिष्ट तोडले, तर औषधाची गरज घटते आणि तीच मात्रा जड जाते. म्हणून आहारातला बदल पशुवैद्याला सांगूनच करावा.

उरला प्रश्न शीतकपाटाचा. मे महिन्यात विदर्भाचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. ज्या घरी शीतकपाट नाही त्याला शेजाऱ्याचा आसरा घ्यावा लागतो. वापरातली बाटली ओल्या वाळूने वेढलेल्या मातीच्या मडक्यात ठेवण्याची जुनी युक्तीही उपयोगी पडते.

या साऱ्या हिशेबात एक खर्च कोठेच लिहिला जात नाही, तो म्हणजे श्रमाचा. सकाळी सहा आणि सायंकाळी सहा ही वेळ कोणी सांभाळावयाची? घरातला कमावता पुरुष तीन पाळ्यांत खाणीवर जात असेल, तर सुई टोचणे, अन्न शिजवणे, वही लिहिणे हे सारे घरातल्या बाईच्या माथी येते. ज्या घरात सासऱ्याच्या साखरेची सुई तीच टोचते, तेथे बोक्याचीही तीच टोचणार. हे काम घरातल्या सर्वांनी वाटून घेतले नाही, तर स्वस्त उपचाराची किंमत एका व्यक्तीच्या झोपेतून वसूल होते. तशीच दुसरी न लिहिलेली किंमत सफाई कामगार मोजतो. वापरलेली सुई ओल्या कचऱ्यात टाकली की ती त्याच्या बोटात शिरते. २०१६च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या सुयांना घरगुती घातक कचरा मानले. त्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून, बूच लावून, वेगळ्या द्याव्यात. दवाखान्याने त्या परत घेण्याची सोय केली, तर फारच चांगले.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. माणसांना औषध नाही, तेथे मांजराची चिंता कशाला? हा आक्षेप गृहीत धरतो की औषध ही मोजकीच वस्तू आहे आणि मांजराला दिलेला थेंब माणसाच्या तोंडचा काढून घेतलेला आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. १८८९ साली फॉन मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा मधुमेहाचे मूळ कोठे आहे हे उमगले. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले तेही कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच. त्यानंतर सुमारे साठ वर्षे जगातील मधुमेही माणसे गाई आणि डुकरे यांच्या स्वादुपिंडांतून काढलेल्या इन्सुलिनवर जगली. १९८२ साली जनुकीय तंत्राने बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले आणि प्राणिज इन्सुलिन हळूहळू मागे पडले. मांजराचे इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनाशी एका अमिनो आम्लाचाच फरक राखते. म्हणजे त्याला सर्वांत जवळचे औषधच बाजारातून गेले. ज्या प्राण्यांच्या देहांवर हे शास्त्र उभे राहिले, त्यांतील एकाला त्याचा लाभ देणे हा चोचला नव्हे. ती अल्पशी परतफेड आहे.

बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ साली आपले एकस्व टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन देऊन टाकले. औषध कोणा एकाचे नसावे, ही त्यामागची भावना. भारताने १९७०च्या एकस्व कायद्याने औषधांवर उत्पादन-एकस्व नाकारले आणि किंमत नियंत्रण आणले. म्हणूनच आज उमरेडच्या दुकानात इन्सुलिनची साधी बाटली गरिबाच्या आवाक्यात आहे. बोक्याला मिळणारा स्वस्त उपचार हे त्या सार्वजनिक धोरणाचेच अनपेक्षित फळ आहे. जेथे ते धोरण पोहोचले नाही तेथे, म्हणजे सिरिंज, पट्ट्या आणि नवी इन्सुलिने यांच्या बाबतीत, माणूस आणि मांजर दोघेही सारखेच नाडले जातात. दोघांचे हित परस्परविरोधी नाही, ते एकच आहे.

शासनाचा दृष्टिकोन मात्र गोठ्यापलीकडे जात नाही. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत ५३ कोटी ५७ लाख पशुधन मोजले गेले. कुत्रे आणि ससेही मोजले गेले. मांजर मोजले गेले नाही. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पशुआरोग्य कार्यक्रमासाठी २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन वर्षांकरिता ३,८८० कोटी रुपये मंजूर केले. त्यांत स्वस्त जेनेरिक पशुऔषधांचा वाटा ७५ कोटींचा, म्हणजे शेकडा दोनांहूनही कमी. दुभत्या जनावरावर खर्च करावा, कारण ते उत्पन्न देते, हा त्यामागचा तर्क. परंतु उत्पन्न देणाऱ्याच जीवाला उपचार, हा तर्क एकदा मान्य केला की तो गोठ्यात थांबत नाही. निवृत्त कामगारापर्यंत, वृद्ध विधवेपर्यंत, अपंगापर्यंत तो पोहोचतो. समाजवादी कार्यकर्त्याने बोक्याच्या प्रश्नाला हसण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

मागण्या मोठ्या नाहीत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात साखर तपासण्याचे यंत्र असावे. स्वस्त पशुऔषधांच्या यादीत इन्सुलिन आणि सिरिंज असाव्यात. नागपुरातील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने मांजराच्या मधुमेहावर चार पानांची मराठी पुस्तिका काढून तालुक्यातालुक्यांत वाटावी. पुढच्या पशुगणनेत मांजराचा रकाना असावा. आणि हे होईपर्यंत गावोगावच्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे: एक वजनकाटा सामाईक ठेवावा, शीतकपाटातला एक कोपरा शेजाऱ्यासाठी मोकळा ठेवावा आणि सुई कशी टोचावी हे शिकलेल्याने आणखी दोघांना शिकवावे. ज्या घरी बोक्याची सुई बिनचूक टोचली जाते, त्याच घरी उद्या आजोबांची सुईही बिनचूक टोचली जाईल.