सिंधी दिसते खरी, पण शोधली तर सापडत नाही

संपादक महोदय,


सिंधी अरबी लिपीत लिहावी की देवनागरीत, यावर आपल्या स्तंभात चाललेला पत्रव्यवहार मी आस्थेने वाचत आहे. उल्हासनगरात अक्षरजुळणी करताना दोन्ही लिप्यांतला मजकूर माझ्या हाताखालून जातो. त्या अनुभवावरून सांगतो, लिपीच्या वादात खरी अडचण झाकली जात आहे. लिपी कोणतीही घ्या, संगणकावरची बरीचशी सिंधी आज चुकीच्या अक्षरांनी लिहिली जाते. छापल्यावर ती बरी दिसते, म्हणून कोणी हरकत घेत नाही.

देवनागरीचे आधी पाहू. सिंधीत ग, ज, ड आणि ब यांच्या जोडीला आणखी चार व्यंजने आहेत, हवा आत ओढून उच्चारायची. ती लिहिताना अक्षराखाली आडवी रेघ येते: ॻ, ॼ, ॾ, ॿ. रेघ गेली की शब्दाचा अर्थच बदलू शकतो, म्हणून ती शोभेची नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या संकेतांकांच्या प्रमाणित यादीत, ही चार अक्षरे २००६ साली, ५.० या आवृत्तीत, स्वतंत्रपणे आली. त्याआधी साध्या अक्षराला अनुदात्ताचे, म्हणजे अक्षराखालच्या रेघेचे, चिन्ह जोडावे अशी युनिकोडचीच शिफारस होती. नवी अक्षरे आल्यावर ती शिफारस मागे घेतली गेली, पण सवय मागे घेतली गेली नाही. आजही कोणी अनुदात्त जोडतो, कोणी नुक्ता देतो, कोणी वर्डमध्ये ते एक अक्षर निवडून अधोरेखित करतो, आणि ज्याला घाई असते तो नुसता ब ठेवून पुढे जातो. वाचणाऱ्याला पहिले तीन प्रकार जवळपास सारखे वाटतात. संगणकाच्या लेखी मात्र ते वेगवेगळे शब्द आहेत. अधोरेखनाची गत तर आणखी वाईट. तो मजकूर साध्या संदेशात चिकटवला की रेघ गळून पडते आणि ती होती याचा मागमूसही राहत नाही.

मराठी वाचकांना ही दुखणी परकी वाटू नयेत. आपले ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोवर आपण अ ला चंद्र जोडत होतो, आणि अजूनही दोन्ही रूपे सर्रास चालतात. मतदारयादीत किंवा ग्रंथालयाच्या सूचीत एका रूपाने शोधले तर दुसऱ्या रूपातली नोंद निसटू शकते. जुन्या खासगी फॉन्टात जुळवलेली आपली कितीतरी पुस्तके आज उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. मराठीकडे माणसे, पैसा आणि सरकार आहे, म्हणून ती यातून सावरते आहे. २०११च्या जनगणनेत देशात सिंधी बोलणारे सुमारे २७ लाख नोंदले गेले, तेही कच्छी धरून. त्यांच्या पुस्तकांची एक पिढी अशी वाया गेली तर ती कोण पुन्हा टंकणार?

आता अरबी लिपी. १८५३ साली सिंधमध्ये ठरलेल्या या वर्णमालेत ५२ अक्षरे आहेत. उर्दूचा कीबोर्ड लावून सिंधी भागते असा आपल्याकडे समज आहे, आणि सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. उर्दूत जे अक्षर 'क' आहे तेच सिंधीत 'ख' आहे, सिंधीच्या 'क' चे अक्षर निराळे. म्हणजे उर्दू कीबोर्डावर 'क' म्हणून दाबलेली कळ सिंधी वाचकाला 'ख' वाचायला लावते. 'ये' ची गोष्ट अधिक फसवी, कारण शब्दाच्या मध्ये उर्दूचा आणि सिंधीचा 'ये' हुबेहूब सारखा दिसतो आणि संकेतांक मात्र दोन. 'आणि' व 'मध्ये' यांसाठी सिंधीत एकेक स्वतंत्र चिन्ह आहे, तेही उर्दू कीबोर्डावर मिळत नाही. शिवाय उर्दू नस्तालीक वळणात छापतात आणि सिंधी नस्खमध्ये. उर्दूच्या फॉन्टात एखादे सिंधी अक्षर नसले की संगणक ते दुसऱ्या फॉन्टातून उचलतो, आणि शब्दाची जोडणी मधेच तुटते. उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तर अक्षरे सुटी आणि उलट्या क्रमाने उमटतात. अशा वेळी बहुतेक जण मजकुराचे चित्र करून टाकतात. पुस्तक छापून निघते, पण त्यातला एकही शब्द पुढे कोणाला शोधता येत नाही.

एका पत्रलेखकाने लिहिले आहे की आता यंत्र आपोआप लिप्यंतर करील, तेव्हा चिंता नको. मला हे मान्य नाही. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणून देवनागरी करताना प्रत्येक शब्द कोशातून ओळखावा लागतो. उलट दिशेने जाताना एकट्या 'ज़' साठी चार अक्षरांतून योग्य ते निवडावे लागते. हे काम होण्यासारखे आहे, पण मूळ मजकूर शुद्ध संकेतांकांत असला तरच. 'क' च्या जागी 'ख' असलेल्या मजकुरापुढे कोश काय करणार?

आणि हे सुधारायला खर्च जवळपास नाही. सिंधमध्ये अब्दुल माजिद भुरगरी यांनी संगणकावरच्या सिंधीचा पाया कधीच घातला आहे. एसआयएल या संस्थेचा, सिंधी कवी शाह अब्दुल लतीफ भिटाई यांच्या नावाचा 'लतीफ' हा फॉन्ट मोफत मिळतो. तो वापरताना मजकुराची भाषा 'सिंधी' अशी नोंदवावी, म्हणजे अक्षरांची सिंधी वळणे येतात. देवनागरीसाठी 'नोटो' हा फॉन्ट पुरतो. सिंधी कीबोर्ड हाताशी नसेल तर वर्डमध्ये रोमन कीबोर्डावर ०९७ आणि त्याला लागून बी, सी, ई किंवा एफ टंकून ऑल्ट व एक्स एकत्र दाबावे, ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरे त्याच क्रमाने उमटतात.

माझी मागणी ज्या संस्था सिंधी मजकुरासाठी पैसे मोजतात त्यांच्याकडे आहे. बालभारती सिंधी पाठ्यपुस्तके काढते, राज्याची सिंधी साहित्य अकादमी आहे, महापालिकांची ग्रंथालये आहेत. त्यांनी जुळणीचे काम देताना पीडीएफबरोबर युनिकोडमधला खुला मजकूरही मागावा, आणि बिल मंजूर करण्यापूर्वी त्यातले पाच-दहा शब्द शोधून पाहावेत. सापडले नाहीत तर काम परत करावे. यात उशीर परवडणार नाही. फाळणीपूर्वी सिंधमधल्या शाळेत अरबी लिपी शिकलेली माणसे आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. मुद्रिते तपासताना एखाद्या अक्षरावरचा चौथा ठिपका गळला आहे हे त्यांच्या नजरेला लगेच दिसते. त्यांच्या हस्तलिखित आठवणी आत्ता जुळणीला येत आहेत, आणि त्या तपासून घ्यायच्या तर त्यांच्या हयातीतच घ्याव्या लागतील.

आपला,
एक अक्षरजुळणीकार, उल्हासनगर