मूळ गाणं म्हणजे कुठलं?

गेल्या रविवारी बल्लारपुरातल्या एका गायन स्पर्धेत कॉलेजातल्या एका मुलाने ‘सुरत पिया की’ म्हटलं. साथीला पेटी आणि तबला, बाकी काही नाही. मध्ये एका जागी त्याने वसंतराव देशपांड्यांची तान सोडली, स्वतःची घेतली आणि समेवर नेमका उतरला. माझ्या मागे बसलेले एक निवृत्त खाणकामगार शेजाऱ्याला म्हणाले, ‘‘पोट्ट्यानं आणलं बरोबर.’’ निकालाच्या वेळी परीक्षकांनी माइकवरून सांगितलं, गळा उत्तम आहे, पण मूळ गाण्यात ही तान नाही, त्यामुळे गुण कापावे लागले. मुलाला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. पहिलं बक्षीस मिळालं ते मोबाइलवरची प्रत श्वासासकट पाठ करून आलेल्या गायकाला. या आठवड्यासाठी ठरवलेला विषय मी म्हणूनच मागे ठेवला आहे.

नव्या गायकाने जुना अल्बम गावा की नाही, यावर या स्तंभात पूर्वी वाद झडला आहे आणि वाचकांनी मला पत्रांतून भरपूर सुनावलंही आहे. तेव्हा रॉकच्या बाबतीत जे म्हटलं होतं, की नव्या गळ्याने जुन्याची नक्कल करू नये, त्यावर मी आजही ठाम आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये बॉन स्कॉट गेला आणि त्याच जुलैत ‘एसी/डीसी’ने ब्रायन जॉन्सनला घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ काढला. नवा गळा आणि गाणीही नवी. ‘जर्नी’ने २००८ मध्ये उलटं केलं. स्टीव्ह पेरीच्या गळ्यातली लोकप्रिय गाणी फिलिपिन्सच्या अर्नेल पिनेडाकडून पुन्हा गाऊन घेतली आणि ‘रेव्हलेशन’सोबत त्यांची वेगळी तबकडी दिली. पिनेडाचा गळा थक्क करणारा आहे, पण त्या तबकडीवर त्याचं काम जुन्या सावलीत पाऊल टाकण्याचं आहे. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या ‘क्वीन’ने ॲडम लॅम्बर्टला घेतलं तेव्हा नावातच अधिकचं चिन्ह ठेवलं. लॅम्बर्ट फ्रेडीची गाणी स्वतःच्या नखऱ्याने गातो, नक्कल करत नाही. मला ते पटतं.

पण परवाच्या परीक्षकांना उत्तर द्यायला एवढ्या लांब जायची गरज नाही. ‘सुरत पिया की’ ज्या नाटकातलं आहे, त्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्येच उत्तर आहे. डिसेंबर १९६७ मध्ये प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेने रंगभूमीवर आणलेल्या या नाटकाचा विषयच मुळी हा आहे. दरबारी गवयाची गादी बदलते. पंडित भानुशंकरांच्या जागी खाँसाहेब आफताब हुसेन येतात आणि हवेलीत पाऊल टाकताच जुने सूर हद्दपार करायला निघतात. मग सदाशिव येतो, पंडितजींचं गाणं गळ्यात घेऊन आलेला, आणि खाँसाहेबांचं गाणं चोरून शिकतो. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकरांनी एकच पद, ‘घेई छंद मकरंद’, नाटकात दोन घराण्यांना दिलं. जितेंद्र अभिषेकींनी त्याला दोन स्वतंत्र चाली बांधल्या. एक संथ, पंडितजींच्या वळणाची. दुसरी सालगवराळीतली, खाँसाहेबांची, चपळ आणि आक्रमक. शब्द तेच, संगीतकार एकच, नाटकही एकच, आणि तरी दोन गाणी. यातलं मूळ कुठलं? परीक्षकांनी हे नाटक ऐकलं असेल, तर त्यांच्या हातून गुण कापले कसे गेले, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता ते ज्याला मूळ म्हणतात, त्याविषयी. वसंतरावांची ध्वनिमुद्रिका हा ‘कट्यार’मध्ये खाँसाहेब म्हणून गायलेल्या त्यांच्या गाण्याचा छोटा तुकडा आहे. त्या काळी गाणं तबकडीच्या मापाने कापलं जाई. अठ्ठ्याहत्तरच्या वेगाच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मिळत. पुढे पंचेचाळीसची ईपी आली तेव्हा एका बाजूला बहुधा दोन गाणी बसवत. म्हणून मुखडा, अंतरा, मोजक्या ताना आणि तिहाई एवढाच ऐवज उरला. नाट्यगृहात तसं नव्हतं. तिथे वन्समोअर होते, समोर दाद देणारे प्रेक्षक होते आणि मागे जागा भरणारं ऑर्गन होतं. पद कधी लांबे, कधी आटोपतं घेतलं जाई, आणि कालची तान आज येईलच याची हमी नसे. वसंतराव पाठ केलेलं गाणारे गायक नव्हतेच. ते म्हणत, माझं घराणं माझ्यापासून सुरू होतं. कालच्या स्वतःचीही नक्कल न करणाऱ्या माणसाच्या एका दुपारच्या ध्वनिमुद्रणाला आपण कायदा करून बसलो, आणि तो कायदा मोडला म्हणून एका मुलाला शिक्षा दिली.

या आठवड्यात मी दोन ‘सुरत पिया की’ मागेपुढे लावून पुन्हा पुन्हा ऐकली. एक वसंतरावांची. दुसरी नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या सुबोध भावेंच्या चित्रपटातली, राहुल देशपांडे आणि महेश काळे यांची. चित्रपटात पडद्यावरच्या सचिन पिळगावकरांच्या खाँसाहेबांना राहुलचा आवाज आहे आणि सदाशिवला महेशचा.

जुनी आधी घ्या. वसंतरावांचा आवाज अणकुचीदार आहे, थोडा नाकात वाजणारा. एका रागातून दुसऱ्या रागात ते सूचना न देता जातात. दार उघडायला थांबत नाहीत. तान वर जाता जाता मध्येच मोडतात आणि तुमचा कान जिथे वाट बघतो त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे उतरतात. ऐकणाऱ्याला क्षणभर वाटतं की गेलं हातातून, आणि तेवढ्यात सम येते. या गाण्यात भीती आहे. खाँसाहेब विजयी होऊनही बेचैन आहेत, ते आवाजातच कळतं. शब्दही ते गुळगुळीत करत नाहीत. ‘पिया’ म्हणताना लाडीगोडी नाही, झोंबणं आहे.

नवी लावली की पहिल्यांदा खोली बदलते. जुन्या मुद्रिकेत गायक, तबला आणि ऑर्गन एकमेकांच्या अंगाला लागून बसले आहेत. नवीत सगळे लांब लांब आहेत, प्रत्येकाला स्वतःची जागा आणि प्रत्येकाभोवती घुमार. राहुलचा आवाज आजोबा वसंतरावांपेक्षा रुंद आणि खर्जाकडे भरलेला आहे. जिथे आजोबा टोचतात, तिथे नातू व्यापतो. पहिल्या ओळीपर्यंत मला वाटत होतं की हा पिनेडाच्या वाटेने जाणार. तसं होत नाही, कारण मध्ये महेश काळे येतो. एका माणसाने गायलेलं गाणं इथे दोन माणसांत वाटलं आहे. जो झगडा वसंतराव एकट्याच्या गळ्यात लढत होते, तो इथे समोरासमोर आला आहे. महेश अभिषेकीबुवांचा शिष्य. तो स्वर लावतो तेव्हा त्याला कुठे जायची घाई नसते. ठहराव त्याच्या शिकवणीतून आलेला आहे. राहुल चढवतो, महेश धरून ठेवतो. या ओढाताणीत पदाचा अर्थ बदलतो. तिथे एका अस्वस्थ गवयाचं स्वगत होतं, इथे गुरू-शिष्यांचा सामना आहे. दोन्ही नाटकातून सरळ निघतात.

हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. राहुलने तानेची नक्कल केली असती तर ती कुणीही मापून दाखवली असती आणि विषय मिटला असता. २०१० पासून तो आणि महेश हे नाटक रंगभूमीवर करत होते. चित्रपटाच्या आधी पाच वर्षं त्यांनी ही पदं प्रेक्षकांसमोर गाऊन मुरवली. दररोज नवी माणसं समोर, दररोज नवी दाद. ते मुरणं नव्या ध्वनिमुद्रणात ऐकू येतं. पुढे ‘मी वसंतराव’मध्ये राहुलने आजोबांची भूमिकाच केली आणि त्यातल्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘कट्यार’ चित्रपटातल्या ‘अरुणी किरणी’साठी तो महेशला आधीच मिळाला होता. पुरस्कार हा काही पुरावा नव्हे, पण ज्या दोघांना मिळाला त्यांच्यापैकी एकानेही तबकडी गिरवून तो मिळवलेला नाही.

चित्रपटाचं माझं दुखणं वेगळं आहे. जुन्या पदांच्या भोवती वाद्यांचा जो भराव आहे, तो मला नको होता. शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी त्यांच्या जागी ठीक आहेत. ‘सूर निरागस हो’ तर आमच्याकडे गणपतीत प्रत्येक मंडपात लागतं आणि लागायलाच हवं. पण जुन्या पदात गवई श्वास घ्यायला थांबला की लगेच मागून काहीतरी वाजू लागतं. श्वासाची जागाही गाण्याचीच असते. वसंतरावांची अर्धी करामत त्या रिकाम्या जागेत होती. पुढची तान कुठून उठेल हे ठरायचं ते तिथे.

साफ केलेल्या प्रतींचंही हेच. जुन्या नाट्यपदांच्या सध्या मोबाइलवर मिळणाऱ्या कितीतरी प्रतींत खरखर काढताना वरच्या पट्टीतली धारही गेलेली असते, ऑर्गनच्या भात्याचा आवाज कमी झालेला असतो आणि हळू जागा ओढून मोठ्या केलेल्या असतात. सगळं एका उंचीवर आलं की लहान-मोठा फरक संपतो आणि लयकारी सपाट होते. स्पर्धेतल्या मुलांनी अशी प्रत पाठ केली तर त्यांचा आवाजही सपाट होणार. कंपन्यांनी निदान एवढं लिहावं की कुठल्या फितीवरून किंवा तबकडीवरून प्रत काढली, काय गाळलं, काय वाढवलं. औषधाच्या बाटलीवर लिहितात, इथे का नाही?

आता माझा जुना हट्ट. वसंतरावांचा जन्म मूर्तिजापूरचा, बालपण नागपूरचं, पहिली तालीम नागपुरात शंकरराव सप्रे मास्तरांकडे. दारव्हेकर नागपूरचे, रंजन कला मंदिर घडवणारे. ‘कट्यार’ पुण्या-मुंबईत गाजलं म्हणून ते तिकडचं झालं. माझं म्हणणं आहे की वसंतरावांच्या गाण्यातलं धाडस विदर्भाच्या कानातून आलं. इथे नागपुरी मराठी, छत्तीसगढी, हिंदी, तेलुगू, गोंडी, सगळं एका रस्त्यावर कानावर पडतं, आणि कान एका घराण्याच्या शिस्तीत राहतच नाही. याला पक्का पुरावा माझ्याकडे नाही. लाहोरच्या असद अली खाँपासून भेंडीबाजारच्या अमान अली खाँपर्यंत ते ज्यांच्याकडे शिकले, त्यांचा वाटा मोठा आहेच आणि दीनानाथांची ओढ तर उघडच आहे. तरी बल्लारशा जंक्शनवर संध्याकाळी दक्षिणेकडे जाणारी गाडी थांबते, तेव्हा फलाटावर पाच भाषांतले फेरीवाले एकमेकांवर ओरडत असतात. ते ऐकून मोठ्या झालेल्या पोराच्या तानेला ‘मुळात नाही’ म्हणणं मला पटत नाही.

आणि आपल्या पूर्वेला तर झाडीपट्टी आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा देसाईगंजच्या नाटक कंपन्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत रात्रभर प्रयोग करतात. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला की मंडप ठरलेलाच. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, गाणी प्रत्यक्ष गायलेली. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा महाराष्ट्राला हे नव्याने कळलं, पण गावाला कायम ठाऊक होतं. तिथे एका हंगामात जो गायक असतो तो पुढच्या हंगामात दुसऱ्या कंपनीत जातो आणि त्याची गाणी नवा माणूस गातो. कुणी तबकडी काढून तुलना करत नाही, कारण तबकडीच नसते. प्रेक्षक थंडीत घोंगडी पांघरून बसलेले असतात, त्यांना गाणं लागलं की ते शिट्टी मारतात, लागलं नाही की चहाला उठतात. निकाल तिथल्या तिथे लागतो, नव्या गळ्यावर लागतो आणि तो जुन्या आठवणीच्या जोरावर बदलत नाही. मी कित्येक पहाटे तिथून परतलो आहे आणि अशी तालीम मला कुठल्या वर्गात दिसलेली नाही.

या हंगामात ज्यांना वडशाकडे जायला जमेल त्यांना माझी विनंती आहे. मोबाइलवर नव्हे, नीटशा रेकॉर्डरवर, कंपनीची परवानगी घेऊन, एकेका पदाचे दोन-तीन वेगवेगळ्या गावांतले प्रयोग टिपून ठेवा. प्रत्येक फितीवर गायकाचं नाव, गावाचं नाव आणि तारीख लिहा. कुत्र्याचं भुंकणं, मंडपातला गलका, जनरेटरचा आवाज जसा आहे तसा राहू द्या. उद्या कुणी यातलं एक मूळ म्हणून वाजवू लागला, तर बाकीचे प्रयोगही त्याच्यासमोर ठेवता येतील.