विश्लेषण : ‘मांजरांचा एड्स’ माणसाला होतो का? भटक्या मांजरांमधील ‘एफआयव्ही’चा धोका नेमका किती?

सोसायटीच्या आवारातील एखाद्या बोक्याची चाचणी ‘एफआयव्ही पॉझिटिव्ह’ आली, की पहिला प्रश्न लहान मुलांना धोका आहे का, हा असतो. दुसरा, या बोक्याला कुठे नेऊन सोडायचे, हा. ‘मांजरांचा एड्स’ या नावाने भीती वाढवली आहे. प्रत्यक्षात या विषाणूची लागण माणसाला होत नाही, कुत्र्यालाही नाही.

हा विषाणू कुठून आला?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पेटालुमा येथे एकत्र ठेवलेल्या मांजरांमध्ये एड्ससारखा आजार दिसू लागला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी १९८६ मध्ये त्यामागचा विषाणू वेगळा केला. माणसातील एचआयव्ही आणि हा, दोघेही एकाच विषाणू-कुळातले. दोन्ही प्रतिकारशक्ती पोखरतात, पण एकाचे काम दुसऱ्याच्या शरीरात चालत नाही.

तो पसरतो कसा?

प्रामुख्याने खोल चाव्यातून. बाधित मांजराच्या लाळेत विषाणू असतो आणि दात रुतले, की तो थेट दुसऱ्याच्या शरीरात जातो. हद्दीवरून, माद्यांवरून रात्रभर भांडणारे, नसबंदी न झालेले प्रौढ बोके म्हणूनच सर्वाधिक बाधित आढळतात. एकाच ताटलीत खाल्ल्याने किंवा एकमेकांना चाटल्याने लागण होण्याची शक्यता फार कमी. आईकडून पिल्लांनाही तो क्वचितच जातो.

लागण झाल्यावर सुरुवातीला ताप येतो, गाठी सुजतात. अनेकदा हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढे कित्येक वर्षे मांजर ठणठणीत दिसते. नंतर काहींना हिरड्यांचे, त्वचेचे, श्वसनाचे संसर्ग वारंवार होतात. विषाणू शरीरातून काढून टाकणारे औषध नाही. मात्र या संसर्गांवर उपचार होतात आणि पोटभर खाणे व निवारा मिळालेली अनेक बाधित मांजरे म्हातारी होईपर्यंत जगतात.

मग पॉझिटिव्ह अहवालाचा अर्थ काय?

इथे थोडे गणित करावे लागते. धरू, की एक हजार मांजरांपैकी ३० बाधित आहेत आणि चाचणी ९८ टक्के अचूक आहे. बाधितांपैकी साधारण २९ पकडली जातील. उरलेल्या ९७० निरोगी मांजरांपैकी दोन टक्के, म्हणजे सुमारे १९ मांजरेही पॉझिटिव्ह येतील. एकूण ४८ अहवालांपैकी १९ चुकीचे! रोग विरळ असला, की उत्तम चाचणीही अशी फसवते. त्यामुळे लक्षणे नसलेल्या मांजराची दुसऱ्या पद्धतीने फेरतपासणी करावी, असे पशुवैद्यक सांगतात.

पिल्लांच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो. दवाखान्यातील नेहमीचे किट विषाणू नव्हे, तर त्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. बाधित आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे पिल्लात काही महिने राहतात. सहा महिन्यांनंतर तेच पिल्लू निगेटिव्ह येऊ शकते. एका पट्टीवरच्या रेघेवरून पिल्लाला मारणे किंवा दूर नेऊन सोडणे म्हणूनच चूक ठरते. सोडलेला बोका नव्या हद्दीत पुन्हा भांडणारच.

लसीचे काय?

अमेरिकेत २००२ मध्ये लस आली होती. पुढे तेथे ती बंद झाली. लस दिलेली मांजरेही चाचणीत पॉझिटिव्ह येत, ही आणखी एक डोकेदुखी.

मोहल्ल्यातील मांजरांवर खर्च कुठे करावा?

पैसे मोजकेच असतील, तर चाचणीपेक्षा नसबंदीवर. नसबंदी झालेला बोका कमी भटकतो, कमी भांडतो, म्हणजे कमी चावतो. पकडून, नसबंदी करून त्याच जागी सोडण्याच्या मोहिमांत सरसकट चाचणीचा आग्रह नको, अशीच अमेरिकेतील मांजर-तज्ज्ञ पशुवैद्यकांच्या संघटनेची भूमिका आहे. घरात इतर मांजरांसोबत ठेवण्यासाठी नवे मांजर आणायचे असेल, तर मात्र चाचणी करून घ्यावी.

चित्र बदलते ते दुर्मीळ रानमांजरांच्या शेजारी. जपानच्या त्सुशिमा बेटावरील बिबट्या मांजरात १९९६ मध्ये हा विषाणू सापडला. तो पाळीव मांजरांकडून आलेला होता. इरिओमोते बेटावर तर रानमांजरे उरली आहेत जेमतेम शंभरच्या आसपास. तिथे पाळीव मांजरांची नोंदणी सक्तीची करण्यात आली आहे.